‘सोमवारपासून ये, व्हिसा मागाहून होईल’

प्रश्न : मी २८ वर्षांचा, बी.कॉम. झालेला. चिपळुणात सीएंच्या ऑफिसात चार वर्षं काम केलं. ६० दिवसांच्या व्हिजिट व्हिसावर दुबईत आलो आहे, आज ४१वा दिवस. बर दुबईत चुलतभावाच्या खोलीत बेड स्पेसवर, म्हणजे फक्त खाटेपुरती जागा घेऊन राहतो. अल कूझमधल्या बांधकाम सामानाच्या एका कंपनीनं अकाउंटंट म्हणून पसंत केलं आहे. पगार ४,५०० दिरहम. मॅनेजर म्हणतात, ‘सोमवारपासून ये, व्हिसा मागाहून होईल.’ व्हिसाचा खर्च ६,००० दिरहम, तो ते महिन्याला ५०० याप्रमाणे पगारातून कापून घेणार. पासपोर्ट त्यांच्याकडे ठेवायचा. मी सोमवारी जाऊ का? व्हिसा बदलण्यासाठी भारतात परत यावं लागेल का? – एक वाचक, सध्या दुबई

उत्तर : तुमची मेल शुक्रवारी रात्री आली आणि सोमवार दारात होता, म्हणून उत्तर त्याच रात्री कळवलं होतं. तेच इथे तुमच्या परवानगीनं जरा सविस्तर छापतो, कारण या मजकुराची पत्रं मला वर्षभर येत असतात. फक्त गाव आणि पगाराचा आकडा बदलतो.

सोपा प्रश्न आधी. भारतात परत यायची गरज नाही. नोकरी मिळाली की देशात राहूनच व्हिजिटचा वर्क व्हिसा करता येतो. त्याला तिथे सगळे ‘स्टेटस चेंज’ म्हणतात. तुमच्या वयाच्या मुलांना हे साधं वाटतं, पण आमच्या वेळी असं नव्हतं. नवा व्हिसा लागू करायला देश सोडून पुन्हा आत शिरावं लागे. मुंबईचं तिकीट परवडायचं नाही म्हणून लोक इराणच्या किश बेटावर जाऊन बसत. मी २००५ साली तिथे नऊ दिवस काढले आहेत. एका खोलीत चौघे, दोन मल्याळी, एक फिलिपिनो आणि मी. दिवसभर काम एकच, दुबईहून व्हिसाचा कागद आला का ते विचारत फिरायचं. ज्याचा यायचा तो उरलेला चहा-साखरेचा पुडा दुसऱ्याला देऊन निघायचा. तुम्हाला ते नशिबी नाही. फी भरून टायपिंग सेंटरमध्ये, म्हणजे सरकारी अर्ज भरून देणाऱ्या दुकानात, काम होतं.

आता सोमवारचं. जाऊ नका.

हे मी कायद्याचं पुस्तक उघडून सांगत नाही. मी दुबईत २३ वर्षं काढली, त्यातली १७ कंपन्यांचा पीआरओ म्हणून, म्हणजे लेबर, इमिग्रेशन, मेडिकल यांच्या खिडक्यांवर उभं राहणारा माणूस. २०११ची गोष्ट. आमच्या गोदामात गुहागरकडचा एक पोरगा व्हिजिटवरच कामाला लावला होता. ‘कागद टाकलेत, येतील’ असं मीच त्याला रोज सांगायचो. कागद टाकलेले नव्हते. मालकाला आधी पोरगा कसा आहे ते बघायचं होतं. अकराव्या दिवशी इन्स्पेक्टर आले. त्यांनी विचारलं, हा कोण? मी म्हटलं, गिऱ्हाईक आहे. इन्स्पेक्टर त्याच्या हाताकडे बघत होता. हातात आमच्याच कंपनीचं डिलिव्हरी नोटचं बुक आणि कानावर पेन्सिल. कंपनीनं दंड भरला आणि धंदा पुढे चालू राहिला. त्या पोराची देशातून पाठवणी झाली. अकरा दिवसांचा पगार मी मालकाकडे दोनदा मागितला, तिसऱ्यांदा मागायचं धाडस झालं नाही, माझाही व्हिसा त्याच्याच हातात होता. हे सदर मी का लिहितो असं लोक विचारतात, त्याचं एक कारण तो पोरगा.

तेव्हापेक्षा आता कायदा कडक आहे. परवान्याशिवाय माणूस कामाला ठेवणाऱ्या मालकाला १ लाख ते १० लाख दिरहम दंड होऊ शकतो, तशी दुरुस्ती २०२४ साली झाली. त्यामुळे मालक घाबरतील अशी आशा करायला हरकत नाही. पण पकडलं गेल्यावर तुमचं काय, हा प्रश्न दंडाच्या आकड्यानं सुटत नाही. व्हिजिटवर काम करणाऱ्याला दंड, देशाबाहेर पाठवणी आणि पुन्हा येण्यावर बंदी, हे सगळं अंगावर येऊ शकतं. शिवाय महिना भरल्यावर ‘तुझं काम आवडलं नाही’ म्हणून रोख हजार दिरहम हातावर ठेवले, तर तुमच्याकडे दाखवायला काय आहे? कॉन्ट्रॅक्ट नाही, बँकेत पगाराची नोंद नाही. ‘दोन दिवस ट्रायल’ म्हणतात तेही तसंच. खुर्चीवर बसलेल्या माणसाला बघून इन्स्पेक्टरला ट्रायल आणि नोकरी यांतला फरक कळत नाही.

मग मॅनेजरना काय सांगायचं? एवढंच : ‘सर, मोहरेचं ऑफर लेटर पाठवा, आजच सही करतो.’ मोहरे म्हणजे तिथलं मनुष्यबळ मंत्रालय. मराठी कानाला ते बुद्धिबळातलं वाटतं, आणि कधी कधी आपण तसेच असतो. जुनी माणसं अजून नुसतं ‘लेबर’ म्हणतात. कंपनीच्या लेटरहेडवर सुंदर टाइप केलेलं ऑफर लेटर असतं ते वेगळं, त्याची मला पर्वा नाही. मंत्रालयाच्या सिस्टिममधून निघतं त्यावर नंबर असतो आणि तो नंबर तुम्ही स्वतः मंत्रालयाच्या ॲपवर तपासू शकता. ते अरबी आणि इंग्रजीबरोबर तुम्हाला समजणाऱ्या भाषेतही देण्याची सोय आहे. त्या भाषांत हिंदी आहे, मराठी नाही. कंपनी फ्री झोनमधली, म्हणजे स्वतःचे वेगळे नियम असलेल्या व्यापारी क्षेत्रातली असेल तर हा कागद त्या फ्री झोनच्या प्राधिकरणाकडून येतो. तुमची कंपनी अल कूझमध्ये आहे हे खरं, पण लायसन्स कुठलं आहे ते विचारून घ्या. ऑफिस एकीकडे आणि लायसन्स दुसरीकडे असं पुष्कळ असतं.

सही झाली की कंपनीनं वर्क परमिटची मंजुरी घ्यायची, मग देशात असलेल्या माणसासाठी एंट्री परमिट निघतं, मग स्टेटस चेंज. वर्क परमिट आणि स्टेटस बदलल्याचा कागद, हे दोन्ही फोनमध्ये आले की त्या सोमवारी बिनघोर जा. पुढे ६० दिवसांत मेडिकल, एमिरेट्स आयडीसाठी (तिथल्या ओळखपत्रासाठी) बोटांचे ठसे, विमा, हे सगळं उरकतं. मेडिकलमध्ये रक्त आणि छातीचा एक्स-रे असतो. लहानपणी क्षयाचं औषध घेतलं असेल तर मला खासगीत कळवा, त्याबद्दल इथे लिहीत नाही.

या ऑफर लेटरवर बहुतेक पोरं फक्त शेवटचा आकडा बघतात. ४,५०० दिसले की घरी फोन. तुम्ही सीएंच्या ऑफिसातले आहात, तुम्हाला तरी मी सांगायला नको, पण आकडा फोडून बघा. बेसिक किती आणि भत्ते किती? नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी बेसिकवर ठरते. वर्ष भरलं की पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षीचा २१ दिवसांचा बेसिक, पुढच्या वर्षांना ३० दिवसांचा. बेसिक १,८०० धरलं तर वर्षाला १,२६० दिरहम. तेच २,७०० असलं तर १,८९०. पगार दोन्हीकडे ४,५००च. ओव्हरटाइमही बेसिकवरच. बोलणी करायची ती सहीच्या आधी, नंतर तुम्हाला कुणी विचारत नाही.

६,००० दिरहमचा मामला. हे कापणं बेकायदा आहे. नोकरीवर घेण्याचा, व्हिसाचा खर्च मालकाचा. तो सरळ किंवा आडून कामगाराकडून वसूल करायचा नाही, असं २०२१च्या कामगार कायद्यात स्पष्ट लिहिलं आहे. मॅनेजरना हे माहीत नसेल यावर माझा विश्वास नाही. तरी भांडू नका. कसं बोलायचं सांगतो : ‘सर, मला पीआरओशी बोलायचं होतं, हे कॉन्ट्रॅक्टमध्ये कुठल्या रकान्यात दाखवणार?’ कुठल्याच रकान्यात दाखवता येत नाही, पगार बँकेतून जातो आणि मंत्रालयाला तो दिसतो. पीआरओ हे मॅनेजरच्या कानात सांगेल. मी स्वतः अनेकांच्या कानात सांगितलं आहे. मात्र ‘दोन वर्षांच्या आत सोडल्यास अमुक रक्कम भरीन’ असा वेगळा कागद पुढे केला, तर सही करू नका. कोऱ्या कागदावर तर नाहीच.

आणि पासपोर्ट. तो तुमचा नाही, भारत सरकारचा आहे, आणि ठेवायचा तुमच्याकडे. पूर्वी कंपन्या म्हणत, स्टँपिंगला लागतो. २०२२ पासून व्हिसाचा स्टिकर पासपोर्टवर लागतच नाही, एमिरेट्स आयडी हाच राहण्याचा परवाना. मग पासपोर्ट कपाटात ठेवायला कशाला हवा? मेडिकलच्या दिवशी मूळ प्रत लागली तर तुम्ही स्वतः घेऊन जा. सुरक्षेसाठी ठेवतो असं म्हणाले तर म्हणा, माझ्या भावाच्या खोलीत लोखंडी ट्रंक आहे.

तुमच्या पत्रात नाही ती गोष्ट मला जास्त काळजीची वाटते. तुमची बी.कॉम.ची पदवी कुठे आहे? चिपळुणात कपाटात असेल तर वांधे. अकाउंटंटच्या पदाला पदवी लागते, आणि ती अटेस्ट केलेली. आधी राज्य सरकार, मग दिल्लीचं परराष्ट्र मंत्रालय, मग यूएईची वकिलात, शेवटी दुबईत तिथल्या परराष्ट्र खात्याचा शिक्का. नुसत्या अपॉस्टिलवर (परराष्ट्र मंत्रालयाच्या एकाच प्रमाणपत्रावर) तिथे भागत नाही, त्यात बऱ्याच जणांचे पैसे वाया गेले आहेत. याला आठवडे जातात. उद्याच घरच्यांना सांगून पदवी चांगल्या एजन्सीकडे द्या. आईला कुरिअरची पावती फोटो काढून पाठवायला सांगा, पावती जपून ठेवते असं म्हणून ती देवघरात ठेवेल आणि नंबर कुणालाच मिळणार नाही.

तुमच्याकडे १९ दिवस आहेत. कागद लांबले तर व्हिजिट वाढवून घ्या, खर्च येतो पण घ्या. मुदत उलटली की रोज ५० दिरहम चढतात. ‘दहा दिवस सवलत असते’ असं तुमचा भाऊ म्हणेल. त्याच्या वेळची गोष्ट आहे ती, त्यावर विसंबू नका.

ता. क. हे छापायला देताना कळलं ते असं. वाचक सोमवारी गेले नाहीत. मॅनेजर दोन दिवस फोन उचलत नव्हते. सहाव्या दिवशी मंत्रालयाचं ऑफर लेटर आलं, बेसिक १,८००. त्यांनी २,७०० मागितले, २,२०० वर ठरलं. कापायच्या ६,००० बद्दल परत कुणी बोललेलं नाही. पदवी दिल्लीत आहे.

—

प्रश्न : माझा मुलगा नववीपर्यंत शिकलेला, प्लंबिंगचं काम उत्तम करतो. इथल्या एका एजंटनं ९०,००० रुपये मागितले आहेत. म्हणतो, आधी व्हिजिटवर पाठवतो, तिथे कंपनी व्हिसा बदलून देईल, असं केल्यानं सरकारी भानगड राहत नाही. पाठवावं का? – एक वडील, राजापूर तालुका

उत्तर : दादा, ‘सरकारी भानगड’ म्हणजे काय ते एजंटनं तुम्हाला सांगितलं नसणार. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर ईसीआर, म्हणजे ‘नोकरीसाठी बाहेर जाताना सरकारी तपासणी हवी’ असा शेरा असतो. असा माणूस यूएई धरून १८ देशांत नोकरीसाठी जाणार असेल, तर एमिग्रेशन क्लिअरन्स घ्यावा लागतो. मुंबईतही त्याचं कार्यालय आहे, प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स. तिथे मालकाचे कागद, पगार, कॉन्ट्रॅक्ट बघतात, आणि मुलाचा प्रवासी भारतीय विमा योजनेत १० लाखांचा विमा होतो. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये आणि वर कर. फिरायला जातो म्हणून व्हिजिटवर पाठवलं की यातलं काहीच होत नाही. मुलगा पाचव्या मजल्यावर पाइप बसवताना घसरला तर तुमच्या हातात काय? एजंटचा बंद फोन.

आणि विमानतळावर त्याला विचारलं, ‘कुठे चाललास?’ तर तो ‘फिरायला’ म्हणणार, पिशवीत पाइप पान्हा. खोटं बोलायला पोराला शिकवायचं आणि वर ९०,००० द्यायचे!

परवाना असलेल्या रिक्रूटमेंट एजंटला कायद्यानं ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढंच घेता येतं, पावतीसह. या एजंटचा परवाना नंबर मागा आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर कुणा शिकल्यासवरल्याकडून तपासून घ्या. नंबर द्यायला कां-कूं केली, तर तुम्हाला उत्तर मिळालं. ‘सब-एजंट आहे’ म्हणाला तरी तेच समजा, तशी सोय कायद्यात नाही.

मी तुमच्या जागी असतो तर दुसरंच केलं असतं. मुलाकडून सतरा नंबरचा फॉर्म भरून घेतला असता. बाहेरून दहावी. नाहीतर राष्ट्रीय मुक्त शाळेतून. दहावी झाली की पासपोर्टवरचं ईसीआर निघतं आणि जन्मभराची कटकट जाते. तो म्हणेल, आता या वयात? माझा धाकटा भाऊ २६व्या वर्षी बसला होता, गणितात ३६ मार्क. त्या ३६ मार्कांवर त्यानं मस्कतमध्ये १४ वर्षं काढली. तोवर नोकरीचा व्हिसा रीतसर इथे हातात येत असेल, तर क्लिअरन्स घेऊन आजही पाठवा. चांगल्या प्लंबरला मागणी आहे, पण चोरवाटेनं जाण्याइतकी घाई नाही.

दिलेले पैसे? पत्रात ‘मागितले आहेत’ असं लिहिलंय, म्हणजे दिले नसावेत अशी आशा करतो. दिले असतील तर रोख दिल्याची तारीख, साक्षीदार आणि व्हॉट्सॲपवरचे मेसेज आधी जपून ठेवा, मग मला पुन्हा लिहा.

—

प्रश्न : माझे मिस्टर शारजात नोकरीला आहेत, पगार ५,०००. मी व्हिजिटवर आले आहे. लहान मुलांच्या एका नर्सरीत मदतनिसाचं काम मिळतंय. मी कंपनीचा व्हिसा घ्यावा की मिस्टरांचा? – एक वाचक, शारजा

उत्तर : ताई, मिस्टरांचा घ्या. त्यांचा पगार ४,०००च्या वर आहे, तेवढ्यावर बायकोला स्पॉन्सर करता येतं. फॅमिली व्हिसावर असतानाही नोकरी करता येते, फक्त नर्सरीनं तुमच्यासाठी वर्क परमिट काढायला हवं. फायदा असा की उद्या नर्सरी बंद पडली किंवा तुमचं जमलं नाही, तर नोकरी जाईल, पण घर आणि देशात राहण्याचा हक्क जाणार नाही. नर्सरीवाल्यांनाही हे स्वस्त पडतं, म्हणून ते तुम्हाला हेच सुचवतील आणि ‘मग परमिट कशाला?’ असंही म्हणतील. परमिट लागतंच. ते हातात आल्याशिवाय मुलांना खेळवायलासुद्धा जाऊ नका.

लग्नाचा दाखला अटेस्ट झालेला लागेल. ग्रामपंचायतीचा हातानं लिहिलेला असेल, तर आधी टाइप केलेला, इंग्रजी नावं पासपोर्टशी अक्षर न् अक्षर जुळणारी प्रत काढून घ्या. माहेरच्या नावाचा पासपोर्ट असला तरी अडत नाही, पण दाखल्यात दोन्ही नावं हवीत.